शिक्का कुणाचा, नमुना कुणाचा

मैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं, की हुणसूरच्या पुढे पिरियापट्टण लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथून गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना व्हर्जिनिया तंबाखूचं हिरवंगार पीक आणि मधूनमधून धूर सोडणारी उंच, खिडक्या नसलेली घरं दिसतात. ही घरं म्हणजे तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्या. इथले लोक त्यांना ‘ब्यारन’ म्हणतात. मी मूळचा बेळगावचा. धंदा सेफ्टी मालाचा: हेल्मेट, बूट, हातमोजे, गॉगल, दोरपट्टे. मैसूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने हे माझं मुख्य गिऱ्हाईक. हुणसूर-पिरियापट्टणची फेरी त्याला जोडून. या धंद्यात माणूस मालापेक्षा कागद जास्त हाताळतो. प्रमाणपत्रं, टेस्ट रिपोर्ट, परवाना क्रमांक. ते कागद वाचता वाचता जे हाती लागलं ते इथे मांडतो. क्रम महत्त्वाचा नाही, पण सातवा मुद्दा वगळू नका.

१. शिक्का नुसता बघू नका, वाचा.

सेफ्टी बूट घ्यायला आलेला ठेकेदार बूट उलटा करतो, आयएसआयचा शिक्का दिसला की मान डोलावतो आणि भावावर येतो. शिक्क्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक असतो, पायाशी ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हे दोन्ही वाचायला अर्धं मिनिट लागतं. बुटांचं मानक आयएस १५२९८, पण त्याला भाग आहेत आणि खरी गोम तिथे आहे. भाग २ चा बूट असेल तर पुढच्या टोपीनं २०० ज्यूलचा आघात सोसलेला असतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत राहतील. भाग ३ मध्ये हाच आकडा १०० ज्यूलवर येतो. भाग ४ च्या बुटाला बोटांच्या संरक्षणाची अटच नाही. तिघांवर शिक्का खरा, तिघांचा परवाना खरा, तिघे दिसायला सख्खे भाऊ. फाउंड्रीतल्या माणसाला भाग ४ चा बूट दिला तर कायदा मोडला असं प्रयोगशाळा म्हणणार नाही. तिनं आपलं काम चोख केलेलं असतं. चूक बूट निवडणाऱ्याची.

परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की निलंबित, हे कळतं. ही सोय झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांची संख्या बरीच रोडावली, हे मी आनंदानं सांगतो.

२. सरकार माल तपासत नाही. तपासणाऱ्यावर नजर ठेवतं. निदान ठेवायला हवी.

कामगाराला वाटतं की शिक्का असलेली वस्तू ‘सरकारनं पास केलेली’ आहे. तसं फार क्वचित असतं. वस्तू तपासते प्रयोगशाळा. ती कधी सरकारी, बहुतेकदा खासगी. तिला क्षमता आहे की नाही हे ठरवते एनएबीएल. ही संस्था १९८८ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली सुरू झाली, आता ती भारतीय गुणवत्ता परिषदेचं एक मंडळ आहे. प्रयोगशाळेनं आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे काम करायचं: उपकरणं ठरल्या वेळी कॅलिब्रेट, माणसं प्रशिक्षित, नोंदी जागेवर. शिवाय एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून कुणाचं उत्तर किती भरकटतं हेही बघितलं जातं. या मान्यतेवर बीआयएस आपली मान्यता देतं. स्फोटक वायूच्या जागेत बसवायच्या विजेच्या सामानाचं आणखी वेगळं: त्याचा चाचणी अहवाल धनबादच्या खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचा, आणि मंजुरी नागपूरच्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेची. कारखान्यातल्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि क्रेनची वर्षातून एकदा तपासणी करणारी ‘सक्षम व्यक्ती’ही मुख्य कारखाना निरीक्षकाच्या मान्यतेनंच काम करायची. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौकटीत ती मान्यता बसवलेली होती.

अमेरिकेत याचं रूप जरा स्पष्ट आहे. तिथलं कामगार सुरक्षा खातं, ओशा, स्वतः माल तपासत नाही. विजेची उपकरणं तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांना मान्यता देतं, कोणत्या मानकासाठी दिली त्याची यादी जाहीर करतं आणि मधूनमधून त्यांच्या दारात जाऊन झडती घेतं. ही पद्धत १९८८ ची. त्याआधी नियमांत दोन जुन्या प्रयोगशाळांचीच नावं होती. बाल्टिमोरच्या एका छोट्या प्रयोगशाळेनं त्याला हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्यातून सर्वांना सारखा नियम लावायची वाट निघाली. दोनच नावं नियमात कोरून ठेवली तर त्या दोघांवर नजर ठेवायची गरज कुणालाच वाटत नाही. आपल्याकडे एकाच संस्थेचा रिपोर्ट मागणारी टेंडरं अजून निघतात, ती वाचताना मला हे आठवतं.

३. प्रयोगशाळेला मान्यता आहे, पण कशासाठी?

एनएबीएलची मान्यता अख्ख्या इमारतीला नसते. एकेका चाचणीला असते. त्या यादीला ‘स्कोप’ म्हणतात आणि ती संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. कापडाची ताकद मोजायला मान्यता असलेली प्रयोगशाळा रबरातून रसायन किती वेळात झिरपतं तेही मोजून देईल, रिपोर्टही देईल. पण त्या दुसऱ्या आकड्यामागे कुणाची देखरेख नसते.

एका विक्रेत्यानं नायट्राइल हातमोज्यांचा एक रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला होता. वर एनएबीएलचं बोधचिन्ह, खाली सही-शिक्का, सगळं झकास. रिपोर्टवरच्या यूएलआरचं, म्हणजे प्रत्येक रिपोर्टला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचं, शेवटचं अक्षर ‘पी’ होतं. त्या वेळच्या पद्धतीत ‘एफ’ म्हणजे सगळ्या चाचण्या मान्यतेतल्या, ‘पी’ म्हणजे काहीच त्यातल्या. मग तक्त्यात तारांकित ओळी शोधल्या. जाडी, लांबी, ताणाची ताकद या चाचण्या मान्यतेतल्या. रसायन झिरपण्याची चाचणी, म्हणजे जिच्यासाठी गिऱ्हाईक हा हातमोजा घेणार होतं तीच, तारा लावलेली. तळटीप इतक्या बारीक अक्षरात, की चष्मा पुसून वाचावी लागली.

विक्रेता म्हणाला, “साहेब, रिपोर्ट तर खरा आहे ना?”

खराच होता. म्हणून तर जास्त राग आला. खोटा कागद पकडता येतो. खरा कागद दाखवून भलताच अर्थ गळी उतरवणाऱ्याला कुठल्या कलमाखाली पकडणार?

४. नमुना कुणी काढला, हे रिपोर्टाच्या निकालाआधी वाचा.

बहुतेक रिपोर्टांच्या शेवटी एक वाक्य असतं: निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते लागू. त्याच्या आसपास दुसरं: नमुना प्रयोगशाळेनं काढलेला नाही, ग्राहकानं दिला तसा घेतला. या दोन वाक्यांत धंद्याचं सगळं गुपित आहे. कारखानदार चाचणीला पाठवायचा जोड वेगळा बनवू शकतो: जाड रबर, चांगला धागा, स्वतः मालकानं उभं राहून करून घेतलेला. तो पास होतो. मग पुढचे हजारो जोड नेहमीच्या दरातल्या रबराचे. प्रयोगशाळेनं यात काहीही लबाडी केलेली नसते.

याला उतारा एकच: बाजारातून नमुना उचलणं. बीआयएसच्या परवान्यात तशी तरतूद आहे. अधिकारी कारखान्यातूनही नमुने घेतात आणि दुकानातूनही. माझं मत असं, की देखरेखीचा निम्मा जोर मान्यतेच्या अर्जावर, फायलींवर, ऑडिटच्या चहापाण्यावर खर्च होतो आणि दुकानाच्या फडताळापर्यंत पोचेपर्यंत हात आखडतो. अर्ज तपासायला माणूस एका जागी बसून चालतो. बाजारात फिरायला माणसं लागतात, गाडी लागते, वस्तू विकत घ्यायला पैसे लागतात, आणि नापास निघाली तर कोर्टात उभं राहायची तयारी लागते.

२०२० च्या वसंतात हे सगळ्या देशानं पाहिलं. कोरोनाच्या अंगरख्यांची मागणी अचानक वाढली आणि त्यातून रक्त झिरपतं का ते मोजायची सोय सुरुवातीला कोइम्बतूरच्या ‘सिट्रा’ या वस्त्र संशोधन संस्थेसारख्या मोजक्याच ठिकाणी होती. प्रत्येक मंजूर नमुन्याला वेगळा संकेतांक देण्यात आला. काही दिवसांतच वस्त्रोद्योग मंत्रालयाला सांगावं लागलं, की मंजुरी नमुन्याला आहे आणि मालाचे नमुने अधूनमधून उचलून तपासले जातील. एकदा पास झालेला नमुना कारखान्याला कायमचा पुरत नाही, हे त्या घाईत सगळ्यांना समजलं. नंतर पुन्हा विसरले.

५. चाचणीचे पैसे कोण देतो, ते विचारा.

ज्याचा माल, तोच प्रयोगशाळेचं बिल भरतो. जगभर असंच आहे आणि दुसरी पद्धत सोपी नाही. पण मग बिल भरणाऱ्याला नापास करायचं धाडस टिकावं यासाठी तिसऱ्याची नजर लागते. ओशाच्या नियमात प्रयोगशाळा उत्पादक, विक्रेता आणि वापरणारा यांच्यापासून पूर्ण स्वतंत्र असावी अशी अट आहे. आयएसओ १७०२५ मध्येही निःपक्षपातीपणाचं कलम आहे. कलम असणं वेगळं, पाळणं वेगळं.

जानेवारी २०२५ मध्ये सीबीआयनं बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेतल्या एका सहसंचालकाला लाचेच्या आरोपावरून अटक केली. ही १९६० मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था, विजेच्या उपकरणांच्या चाचण्यांसाठी देशभर नावाजलेली. आरोप असा, की एका खासगी कंपनीच्या मालाचे अनुकूल अहवाल देण्यासाठी पैसे घेतले. आरोप हा आरोपच, निकाल न्यायालयाचा. पण बातमी आली त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या खरेदी अधिकाऱ्यांपैकी एकानंही जुने रिपोर्ट पुन्हा उघडून पाहिले नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच: आमचा सप्लायर तसला नाही.

सरकारी म्हणजे विश्वासू आणि खासगी म्हणजे विकाऊ, असं सोपं गणित मी मांडत नाही. नावाजलेल्या परदेशी खासगी संस्थांचंही तेच. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्याआधी काही आठवडे त्याच कारखान्याला एका इटालियन संस्थेकडून कामाच्या जागेचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालेलं होतं. ब्राझीलमधलं ब्रुमाडिन्यो इथलं खाणीचं धरण जानेवारी २०१९ मध्ये फुटलं, २७० माणसं गेली. स्थिर असल्याचं प्रमाणपत्र जर्मन कंपनीच्या तिथल्या शाखेनं आदल्याच वर्षी दिलं होतं. दोन्ही ठिकाणी बिल भरणारा आणि तपासला जाणारा एकच होता.

६. रिपोर्टची तारीख बघा. बस, एवढंच. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टावर आजचा माल विकणारे कमी नाहीत, आणि मधल्या काळात मानकाची आवृत्तीही बदललेली असते.

७. कारखान्याच्या फाटकाबाहेर ही सगळी यंत्रणा थांबते.

हा मुद्दा पिरियापट्टणनं शिकवला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

तंबाखूची पानं एकदम काढत नाहीत. खालची दोन-तीन पिकली की ती खुडायची, मग आठवड्यानं वरची. हे काम जून ते सप्टेंबर, ऐन पावसात. पानावर पाणी, पानाला चिकट रस, आणि पानांचा भारा काखेत धरून बाया ओळीनं पुढे सरकतात. ओल्या पानातलं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. संध्याकाळी डोकं गरगरतं, मळमळतं, उलटी होते. डॉक्टरी भाषेत याला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणतात. अमेरिकेत १९७० च्या सुमारास त्याची नोंद झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू मजुरांवर यासंबंधी अभ्यास केले, त्यात हातमोज्यांचा उपयोगही तपासला. पिरियापट्टणच्या शेतात मात्र बाया म्हणतात, “ऊन-पावसानं होतं.”

एका शेतकऱ्यानं माझ्याकडून हातमोजे मागितले. म्हटलं, देतो. पण कोणते? माझ्याकडच्या रसायनविरोधी हातमोज्यांवर एक बाटलीचं चिन्ह आणि खाली अक्षरं छापलेली असतात. आयएसओ ३७४ हे मानक १८ रसायनांची यादी देतं: मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, टोल्युइन, दाहक सोडा, गंधकाम्ल वगैरे. ‘टाइप ए’ म्हणजे त्यातली सहा रसायनं किमान ३० मिनिटं अडवणारा. ही यादी मी कितीतरी वेळा गिऱ्हाइकांना समजावून सांगितली आहे. त्या दिवशी ती वरपासून खालपर्यंत वाचली. निकोटीन त्यात नाही. कीटकनाशकही एकसुद्धा नाही. यादी कारखान्याच्या कामगाराला समोर ठेवून केलेली आहे. शेतावरच्या बाईला मी तो हातमोजा ‘टेस्टेड’ म्हणून विकला असता तर शब्द खरा ठरला असता आणि अर्थ खोटा.

फवारणी करणाऱ्यांसाठी आणि फवारलेल्या शेतात पुन्हा शिरणाऱ्यांसाठी हातमोज्यांचं वेगळं मानक जगात आहे, २०१९ चं आयएसओ १८८८९. कपड्यांसाठी आयएसओ २७०६५ आहे. पिरियापट्टणच्या बाजारपेठेत खताच्या दुकानात टांगलेल्या किटवर मी यातला एकही आकडा पाहिलेला नाही. त्या किटमध्ये काय असतं सांगतो: पातळ पारदर्शक प्लास्टिकचे मोजे, सर्जिकलसारखा एक मास्क, एक चष्मा. पाकिटावर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. उत्पादकाचं नाव आहे, मानक नाही, परवाना नाही, रिपोर्ट क्रमांक नाही. मोज्यात हात घातला तर अंगठ्याच्या शिवणीतून बाहेर आलाच.

कायदा नाही असं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायला सांगितलंय. कापड कसं हवं तेही लिहिलंय: औषध झिरपू न देणारं, धुतलं की विष निघून जाईल असं. हातमोजे रबरी किंवा तसेच द्रव झिरपू न देणारे हवेत आणि मनगट ते कोपर यांच्या मध्यापर्यंत पोचायला हवेत. इतकं बारकाईनं लिहिणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. फक्त एक लिहायचं राहिलं: हे झिरपणं मोजायचं कुणी, कुठल्या प्रयोगशाळेत, आणि त्या प्रयोगशाळेला विचारायचं कुणी? ही जागा मोकळी राहिली, की कुणीही कशालाही ‘सेफ्टी किट’ म्हणू शकतो.

महाराष्ट्रानं याची किंमत २०१७ मध्ये यवतमाळात मोजली. त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारणारे त्या झाडांत बुडालेले, अंगावर साधा शर्ट. वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. मग चौकशी पथक आलं, औषधांवर तात्पुरती बंदी आली, आणि किटवाटपही झालं. वाटलेल्या किटच्या कापडातून औषध किती वेळात पार होतं, हा प्रश्न कुणी जाहीरपणे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या संस्थेनं डिसेंबर २०२४ मध्ये ‘किसान कवच’ नावाचा पोशाख आणला. त्याचं कापड विशिष्ट कीटकनाशकांना नुसतं अडवत नाही, त्यांचं रासायनिक विघटन करतं. कौतुकाची गोष्ट. किंमत तेव्हा चार हजारांच्या आसपास होती. हुणसूरच्या मजुराला ती परवडणारी नाही हे उघड आहे. पण मला त्याहून जास्त काळजी वेगळी. उद्या त्यासारखा दिसणारा चारशे रुपयांचा अंगरखा बाजारात आला तर फरक कोण ओळखणार? मजूर तर नाहीच.

आणि तंबाखूच्या पानाचं बघा. पिकवायला नोंदणी, ब्यारनला परवाना, लिलावाच्या ओट्यावर गठ्ठ्याचं वजन, प्रत, ओल. १९७५ च्या कायद्यानं तंबाखू मंडळ आलं, १९८४ पासून कर्नाटकात मंडळाचे लिलाव होतात. पान किती कोरडं, किती पिवळं, हे पारखायला अनुभवी माणसं उभी असतात. तेच पान खुडणाऱ्या हातावरचा मोजा पारखायला कुणी नाही.

८. घालणारीला विचारा. प्रयोगशाळेत तिला बोलावलेलं नसतं.

एका शेतात मी नमुन्यादाखल दिलेले मोजे आठवड्यानं बघायला गेलो. बाईनं दोन्ही हातांची तर्जनी आणि अंगठ्याची टोकं कात्रीनं कापून टाकली होती.

“अक्का, हे काय केलंत?”

“अण्णा, देठ कळत नाही बोटाला. पान फाटलं की मालक बोलतो.”

तिचं बरोबर होतं. हातमोज्यानं बोटाची चपळाई किती शाबूत राहते याचीही चाचणी असते. निरनिराळ्या जाडीच्या खिळ्या उचलायच्या. ५ मिलिमीटरची उचलता आली तर सर्वांत वरची पायरी, ११ मिलिमीटरचीच उचलता आली तर सर्वांत खालची. मी दिलेला मोजा खालच्या पायरीचा होता, शिवाय माप पुरुषी. भारतात सेफ्टी मालाचा घाऊक व्यापार नऊ आणि दहा नंबरवर चालतो. बाईच्या हाताला सात लागतो. सातचा नंबर मागवला तर कारखाना म्हणतो, किमान इतके हजार जोड घ्या. माझ्या गोदामात आज सात नंबरचे पातळ नायट्राइल मोजे आहेत, त्यासाठी दोन वितरकांशी भांडावं लागलं, आणि ते खपायला वेळ लागतो. बाया घालतात मात्र. टोकं कापत नाहीत.

९. तक्रार तोंडी करू नका.

माल खराब निघाला की आपण दुकानदाराशी भांडतो, तो बदलून देतो, विषय मिटतो. खराब लॉट पुढच्या गावी जातो. बीआयएसच्या अ‍ॅपवर तक्रार टाकता येते. प्रयोगशाळेबद्दल असेल तर एनएबीएलकडे लेखी तक्रार घेतात. सोबत मोजा, पाकीट, बिल, रिपोर्टची प्रत जोडा. मी काही तक्रारी केल्या आहेत. एकीचं उत्तर यायला इतका उशीर झाला, की तोवर त्या उत्पादकानं नाव बदललं होतं. एकीत मात्र संबंधित प्रयोगशाळेकडून खुलासा मागवल्याचं पत्र आलं आणि पुढच्या वर्षी तो रिपोर्ट बाजारात दिसला नाही. ही काही मोठी विजयगाथा नव्हे. पण तपासणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्याला कळतं तरी कसं, की कुठे बघायचं? तक्रारीच्या कागदावरूनच.

आता एक मागणी, तंबाखू मंडळाकडे आणि पिरियापट्टण-हुणसूरचा माल उचलणाऱ्या कंपन्यांकडे. मंडळ उत्पादकांसाठी खताची व्यवस्था करतं. कंपन्या गावागावांत शिबिरं घेतात, किट वाटतात. पुढच्या हंगामाआधी एवढं करा: वाटायच्या हातमोज्याचा आणि अंगरख्याचा रिपोर्ट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून घ्या. नमुना वाटपाच्या ढिगातून, पंचांसमक्ष काढा. रिपोर्टची कन्नड प्रत लिलावाच्या ओट्यावरच्या फलकावर लावा. आणि ऑर्डर देताना सात नंबर विसरू नका.